आधी झाडं मोजा, मग ताटं: गावात फुलोऱ्याचं जेवण घालायचं असेल तर

माझा धंदा मंडप आणि भांडी भाड्यानं द्यायचा. लग्न, जावळ, वास्तुशांत, गावची म्हाई म्हणजे गावजत्रा, कुठंही शंभराच्या वर माणूस जेवायला बसणार असला की आमच्या डेगी, पराती आणि वाढायच्या बादल्या तिथं आदल्या दिवशीच पोचतात. पंगत कुठं बिघडणार हे मला वाढपी उभे राहिले की कळतं. पण पाच वर्षांपूर्वी गावातली पोरं म्हणाली, ‘लोक भादव्यात कासच्या पठारावर फुलं बघायला जातात. आपल्या डोंगराला फाल्गुन-चैत्रात काय कमी फुलतंय? बोलवूया माणसं आणि घालूया जेवायला,’ तेव्हा माझं सगळं शहाणपण उघडं पडलं. लग्नात माणसं मोजून माल आणायचा असतो. इथं आधी माल मोजायचा आणि मग माणसं बोलवायची. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आमचं गाव भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा, पन्हाळ्याचा पश्चिम भाग, कुठल्याही गावाला खाली लिहिलेलं थोड्या फरकानं लागू पडेल. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या काळ्या रानात झाडं वेगळी, त्यांना यादी बदलावी लागेल.

(आमच्याकडं फुलोरा म्हटलं की आधी नवरात्रात देवीवर टांगतात त्या कडाकण्या आठवतात. पहिल्या वर्षी पत्रक वाचून दोन म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, ‘दसरा कधीच झाला की, आता कसला फुलोरा?’ म्हणून पत्रकावर ‘झाडांचा फुलोरा’ असं स्पष्ट लिहा.)

शिवारफेरी

महाशिवरात्रीच्या आसपास एक सकाळ मोकळी काढा. बरोबर तीन माणसं घ्या: शेळ्या राखणारा, कारण कुठल्या पांदीला काय फुललंय ते त्याला माहीत असतं; गावातली एखादी सत्तरीची आजी; आणि मधपेट्या ठेवणारा कोणी असेल तर तो. वहीत तीन रकाने पाडा. बघायची झाडं, खायची झाडं आणि सोडून द्यायची झाडं.

बघायच्या रकान्यात पळस, पांगारा, काटेसावर, अंजनी आणि करवंदीच्या जाळ्या. पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं. पळसाला पानं तीनच म्हणतात, फाल्गुनात तीही नसतात, सगळं झाड नुसतं पेटल्यासारखं. हे लक्षात ठेवा, पुढं पत्रावळीचा विषय येतो तेव्हा उपयोगी पडेल. काटेसावरीच्या फुलावर सकाळी साळुंक्या, कोतवाल, खारी असा बाजार भरतो. पाहुण्यांना तिथं नेऊन गप्प उभं करायचं, बाकी काही दाखवावं लागत नाही.

खायच्या रकान्यात आमच्याकडं शेवग्याचं फूल आणि केळफूल. कडुनिंबाचा फुलोरा पाडव्याच्या चटणीला लागतो, पण आमच्या पावसाच्या भागात कडुनिंब शोधावा लागतो. त्याच रकान्यात फुलाच्या पाठोपाठ येणारी मंडळीही लिहा: फणसाच्या कुयऱ्या, बाळकैऱ्या, ओला काजू. खरं सांगायचं तर फुलोऱ्याच्या जेवणात फूल चिमूटभरच असतं. बाकीचं ताट नुकत्याच फळाकडं वळलेल्या झाडांवर चालतं.

सोडून द्यायच्या रकान्यात आंब्याचा मोहोर, काजूचा मोहोर आणि जांभळीचा फुलोरा. पहिल्या वर्षी एका उत्साही पोरानं सजावटीला मोहोराचे तुरे तोडून आणले होते. ज्याचं झाड होतं तो मालक त्या दिवशी जेवला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. खाली गळून पडलेला मोहोर मात्र सुपात गोळा करून जेवणाच्या जागी ठेवा, वासाला तेवढा पुरे होतो.

आता या फेरीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो विचारायला लोक संकोचतात: झाडावर औषध मारलंय का? आंबा-काजूच्या मोहोरावर तुडतुड्यासाठी फवारणी होते, बागेतल्या शेवग्यावरही होते. त्या हंगामात एकदा जरी फवारणी झाली असेल तर ते झाड बघायच्या रकान्यात. मालक ‘लई दिवस झालं मारून’ म्हणाला तरी. आम्ही फुलं फक्त परड्यातल्या आणि बांधावरच्या शेवग्याची घेतो.

आजीचं काम इथंच. तिनं ओळखलं नाही ते फूल ताटात जात नाही. मोबाईलवर फोटो दाखवून ‘हे खातात बघा’ म्हणणारा एक तरी भेटतो, त्याला पाणी वाटायला लावा. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, रुई ही विषारी झाडं ताटाजवळच्या तोरणातसुद्धा नकोत. मुलं फुलं तोडतात आणि तोच हात तोंडात घालतात. गावाची हद्द अभयारण्याला लागून असेल तर आत जाऊन एक पाकळीही आणायची नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि त्याला आपला उत्साह कळत नाही.

फेरी संपली की हिशेब करा. आमच्या वहीत फवारणी नसलेले शेवगे सहा निघाले. एका झाडाला त्रास न देता एका सकाळी पाऊण किलोच्या आसपास फूल निघतं, म्हणजे सगळी मिळून चार-साडेचार किलो. तेवढ्यात मुगाची डाळ घालून दोनशे माणसांना एकेक डाव भाजी येते. म्हणून आमची ताटं दोनशे. तिसऱ्या वर्षी कोल्हापुरातून एक ग्रुप ऐंशी जणांचा येतो म्हणाला, ताटं संपली होती, आम्ही नाही म्हटलं. ते चिडले. पुढच्या वर्षी तेच पहिल्यांदा कूपन घेऊन गेले.

दिवस कुठला

तिथी धरून चालू नका. झाडाला पंचांग कळत नाही. २०२४ ला गुढीपाडवा ९ एप्रिलला आला आणि २०२६ ला १९ मार्चला. तीन आठवड्यांचा फरक. एका पाडव्याला शेवगा फुलात असतो, दुसऱ्याला त्याच झाडाला बोटाएवढ्या शेंगा लोंबत असतात. शिवारफेरीच्या दिवशी पळस अर्धा फुललेला असेल तर तिथून तीन आठवडे पुढं मोजा आणि जवळचा रविवार धरा. आमच्याकडं तो बहुतेक मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पडतो.

टाळायचे दिवस: रंगपंचमी, कारण कोल्हापूरकर त्या दिवशी रंगाशिवाय कुणाचे नसतात. गावच्या म्हाईचा आठवडा, कारण बायका आधीच दमलेल्या असतात. आणि चैत्र पौर्णिमेच्या अलीकडं-पलीकडं दोन दिवस. जोतिबाच्या यात्रेला गाड्या आणि माणसं दोन्ही वाडी रत्नागिरीकडं जातात, तुमच्या फुलांकडं कोण बघणार? दहावीची परीक्षा चालू असेल तर भोंगा लावू नका, घराघरातून शिव्या येतात.

एप्रिलमध्ये घ्यायचं ठरवलं तर वळवाचा विचार करा. वळीव दुपारी तीन-चारनंतर येतो आणि येताना विचारत नाही. म्हणून कार्यक्रम सकाळी आठला सुरू आणि दोनच्या आत शेवटची पंगत उठलेली. मार्चमध्येही आम्ही हेच वेळापत्रक ठेवतो, ऊन वाचतं.

कागदं

यावर लांबण लावत नाही. सगळ्यात आधी ग्रामपंचायतीचा ठराव. पोलीस ठाण्याला पत्र, पोलीस पाटलाला प्रत्यक्ष भेटून. जेवण विकत देणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, तात्पुरता गाडा लावणारासुद्धा त्यात मोडतो. ऑनलाइन होते, बचत गटाच्या नावानं एकदा काढून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तारीख कळवा. प्लास्टिक-थर्माकोलच्या ताट-वाट्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळं तो प्रश्नच नाही.

ताटात काय

पहिला वाद इथंच होतो. ‘रस्सा कुठाय?’ कोल्हापूर जिल्ह्यात माणसाला जेवायला बोलावून तांबडा-पांढरा द्यायचा नाही म्हणजे अपमानच. दुसऱ्या वर्षी आम्ही दबावाखाली येऊन मटण ठेवलं. झालं काय, रश्शाच्या डेगीसमोर रांग, आणि शेवग्याच्या फुलांची भाजी बगुण्यात तशीच. सहा झाडांची फुलं संध्याकाळी म्हशीपुढं गेली. तेव्हापासून त्या दिवशी मटण नाही. कुणाला अगदीच राहवत नसेल तर आदल्या रात्री कामाच्या माणसांना घालतो, ते त्यांच्या हक्काचं आहे.

आमचं ताट असं: नाचणीची भाकरी, शेवग्याच्या फुलांची भाजी, फणसाच्या कुयरीची भाजी, आंबेडाळ, खर्डा, आजरा घनसाळचा भात आणि साधी आमटी, खपलीची खीर. आल्याआल्या नाचणीची आंबील, उठताना पन्हं. काजू ज्या वर्षी स्वस्त मिळेल त्या वर्षी ओल्या काजूची उसळ, नाहीतर नाही. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि कोल्हापुरी गुळाला त्याच्या दोन वर्षं आधी. तेव्हा पाटीवर दोन्हीची नावं मोठ्या अक्षरात लिहायला हरकत नाही, पाहुणे परत जाताना विकतही घेतात.

*शेवग्याची फुलं.* तोडायची नाहीत, झेलायची. पहाटे साडेपाच-सहाला झाडाखाली जुनं लुगडं पसरा, चार कोपरे चौघांनी धरा आणि पाचव्यानं बांबूच्या आकडीनं फांदी हलकी हलवायची. दोनदा, जास्त नाही. जी फुलं गळायचीच असतात ती पडतात आणि ज्यांना शेंग धरायची ती झाडावर राहतात. लुगड्यात पांढरट-पिवळी फुलं पडली की त्यात मुंग्या, पाकळीखाली बसलेल्या बारक्या अळ्या आणि हिरवे देठ असं सगळं येतं. मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, किडे वर येतात. दोनदा धुवा. मग मूठमूठ घेऊन अलगद पिळा, कपडा पिळल्यासारखं नको, कडसरपणा जाईल एवढंच.

फोडणीत लसूण भरपूर. चार किलो फुलांना पाव किलो. कांदा तीन किलो बारीक चिरून मऊ होऊ द्या, त्यावर दोन तास भिजवलेली मुगाची डाळ, भिजवण्याआधी तीन किलो मोजलेली. डाळ बोटानं चेपली की तुटेल इतपत शिजली की मगच फुलं. झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं. झाकण ठेवलं की फुलांना पाणी सुटतं आणि भाजीचा गिचका होतो. कांदा-लसूण चटणी घालायचा मोह होईल. घालू नका. हिरवी मिरची आणि शेवटी ओलं खोबरं, बास. हे वाक्य मी कोल्हापुरात बसून लिहितोय, तेव्हा विचार करूनच लिहिलंय.

*फणसाची कुयरी.* दोनशे ताटांना सोळा किलो आणा, साल आणि चीक जाऊन निम्मी उरते. हाताला, विळीला आणि खालच्या पाटाला आधी तेल लावा. पहिल्या वर्षी ज्या पोरीनं तेल न लावता चिरायला घेतलं तिच्या बोटांचा चीक दोन दिवस सुटला नव्हता. चिरलेले तुकडे लगेच हळदीच्या पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात. उकडून, ठेचून, काळ्या हरभऱ्याबरोबर. ही भाजी आदल्या रात्री उकडून ठेवता येते.

*आंबेडाळ.* चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घराघरात करतात तीच, पण घरच्या वाटीभर डाळीत आणि दोनशे माणसांच्या डाळीत फरक आहे. भिजलेली वाटलेली हरभरा डाळ, कैरी आणि ओलं खोबरं उन्हात ठेवलं की तीन तासांत आंबतं. सकाळी सगळी एकदम वाटायची नाही. डाळ चार-पाच तास भिजवून निथळून ठेवा आणि दर पंगतीआधी तेवढीच वाटून फोडणी द्या. सहा किलो कोरडी डाळ पुरते. वासाबद्दल थोडी जरी शंका आली तर ओतून द्या, चव घेऊन बघत बसू नका.

*खपलीची खीर.* सहा किलो खपली गहू, कांडून साल काढलेला, रात्रभर भिजवून पहाटे चुलवाणावर चढवा. शिजायला अडीच-तीन तास सहज. गहू पूर्ण फुटल्याशिवाय गूळ घालू नका, नाहीतर दाणा कडकच राहतो, मग कितीही शिजवा. साडेसात किलो गूळ, आठ नारळ, सुंठ, वेलची, थोडी खसखस. ढवळायला माणूस तगडा पाहिजे, तालमीतलं एखादं पोरगं धरा, ते स्वतःला आवडीनं अडकवून घेतं. एका किलो खपलीत पस्तीस-चाळीस वाट्या होतात.

*पन्हं.* आठ किलो कैरी उकडून गर काढा, तेवढाच किंवा थोडा जास्त गूळ, वेलची, चवीला मीठ. साधारण दोनशे-सव्वादोनशे पेले. गूळ बिनरसायनाचा असेल तर पन्हं तपकिरी होतं आणि शहरातली माणसं पेल्यात बघून तोंड वाकडं करतात. पाटीवर ‘रंग गुळाचा आहे’ असं लिहा. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कैरी नुसती सुपारीएवढी असते. मग पन्ह्याऐवजी ताक द्या, उगाच बाजारातून लांबची कैरी आणून फुलोऱ्याचा बोर्ड लावू नका.

मध ठेवायचा असेल तर जवळच्या मधपाळाकडून घ्या. आमच्या तालुक्यातलं पाटगाव तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. गरम भाकरीवर लोणी आणि वर चमचाभर मध. वर्षाच्या आतल्या लेकराला मध देऊ नये, हे वाढणाऱ्या बाईला सांगून ठेवा, आया हौसेनं चाटवतात.

भाकरीचं गणित

इथंच बहुतेक ठिकाणी गाडी अडते, म्हणून वेगळं लिहितो. माणशी दीड भाकरी धरली तर दोनशे ताटांना तीनशे. एक किलो पिठात नऊ-दहा भाकरी, म्हणजे पीठ बत्तीस किलो आणून ठेवा. एका चुलीवर एक बाई तासाला पंचवीस भाकऱ्या करते, तेही कोणीतरी जाळ सांभाळत असेल तर. सकाळी नऊ ते बारा धरलं तर चार चुली आणि आठ बाया, आळीपाळीनं. नाचणीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, त्यामुळं एक चूल फक्त पाण्याला. म्हणजे पाच. ‘दोन गॅस शेगड्या आणतो, होईल’ म्हणणाऱ्याला आयुष्यात भाकरी थापायची वेळ आलेली नसते.

या आठ बायांची मजुरी सगळ्यात आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. गावकी म्हणून फुकट राबवायची पद्धत असते. पहिल्या वर्षी आम्हीही तेच केलं आणि वर स्टेजवर पाहुण्यांचे सत्कार दीड तास चालवले. इकडं भाकऱ्या वातड झाल्या. चुलीपुढची एक काकू टोपलं घेऊन सरळ स्टेजसमोर आली आणि म्हणाली, ‘शाल पांघरून भाकरी गरम हुत्या का?’ त्यानंतर आमच्याकडं सत्कार नाही, नारळ नाही, भाषण नाही. कोणी आमदार-खासदार आलाच तर पंगतीत बसवतो.

जागा, पाणी, आणि वरचं मोहोळ

मंडपवाल्यानं सांगू नये, पण मंडप नको. जुनी आमराई किंवा वडाची सावली असेल तर तीच. कापडाखाली मार्चचं ऊन तापतं आणि वारा अडतो. माझ्याकडून भांडी घ्या, तेवढं पुरे.

जागा ठरवताना मात्र मान वर करून झाड बघा. हे मी विनोदानं म्हणत नाही. पहिल्या वर्षी चुलवाण ज्या आंब्याखाली खणलं त्याच्या शेंड्याला आग्या मोहोळ होतं. पानांत दिसलं नाही. सकाळी साडेआठला जाळ धरला, धूर वर गेला आणि पंधरा मिनिटांत माशा खाली. खिरीची डेग सोडून सगळे पळाले, नऊ जणांना चावल्या, एका वाढप्याचा डोळा दोन दिवस बंद होता. माशांची चूक काही नव्हती, हंगाम त्यांचाच. तेव्हा आठ दिवस आधी मधपाळाला घेऊन जागा तपासा. मोहोळ दिसलं तर ते हलवायच्या भानगडीत पडू नका, तुम्हीच दुसरीकडं जा. निदान दोनशे-अडीचशे पावलं लांब, आणि धूर वाऱ्यानं तिकडं जाणार नाही अशा बाजूला. फटाके आणि डॉल्बी तर नकोच. हलगी चालेल, तीही मोहोळापासून लांब.

चुलवाण गुऱ्हाळासारखं खणायचं, एका बाजूला जळण आणि दुसऱ्या बाजूला धुराची वाट. गुऱ्हाळं मार्चपर्यंत आटोपत आलेली असतात, तिथला गुळव्या मोकळा असेल तर जाळाला त्याला बोलवा. डेगीखालचा जाळ कधी ओढायचा ते त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. येताना चार-पाच लिटर काकवी आणायला सांगा. पोरं भाकरीबरोबर खातात, आणि त्यांचं मटण नसल्याचं दुःख कमी होतं.

पाणी माणशी चार लिटर धरा, पिणं आणि हात धुणं मिळून. स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं वेगळं. विहिरी तेव्हा खाली गेलेल्या असतात, टँकर ग्रामपंचायतीशी आदल्या आठवड्यात पक्का करा, आणि पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलंय का ते पाणीपुरवठ्याच्या शिपायाला तोंडावर विचारा. पिण्याचं पाणी माठात, माठाला तोटी. पेला बुडवून पाणी घ्यायची सवय एका दिवसात पन्नास पोटं बिघडवते.

पत्रावळ्या पळसाच्याच हव्यात असा आग्रह असेल तर त्या पावसाळ्यानंतर, पानं जून झाली की लावून, सुकवून, दगडाखाली दाबून ठेवाव्या लागतात. फाल्गुनात झाड नागडं असतं हे वर सांगितलंच. वाढायच्या आधी पाणी शिंपडून ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळा, नाहीतर पानं तडकतात आणि आमटी मांडीवर. नाहीच जमलं तर केळीची पानं.

कूपन आणि पैसा

ताटाची किंमत अशी काढा: मालाचा खर्च, मजुरी, पाणी-जळण, भांडी भाडं, आणि त्यावर दहावा हिस्सा अडीअडचणीला. शेजारच्या हॉटेलातली थाळी बघून किंमत ठरवू नका. दोनशेपैकी पन्नास ताटं गावासाठी निम्म्या दरात ठेवतो, नाहीतर आपल्याच बांधावरची फुलं आपल्याला परवडत नाहीत अशी गत होते. ज्यांच्या शेवग्याची फुलं घेतली त्या सहा घरांना प्रत्येकी दोन कूपनं फुकट आणि फुलांचे पैसे वेगळे. कूपनं तीन रंगांत: साडेदहा, बारा, दीड. ज्या रंगाची हाक येईल तीच पंगत बसते. पैसे आधी घ्या. ‘येतो’ म्हणणारे आणि येणारे यांच्यात कोल्हापूर-गारगोटी एवढं अंतर असतं.

तो दिवस

पहाटे साडेपाचला फुलं झेलायला माणसं बाहेर, त्याच वेळी खपली चुलीवर. आठपासून पाहुणे, आंबील पिऊन लगेच शिवारात. एका गावकऱ्यामागं वीसच जण, आणि तो गावकरी कमी बोलणारा निवडा. साडेदहाच्या पंगतीवाले सोडून बाकीच्यांचं अकरापर्यंत फिरणं, परत येताना पळसाची खाली पडलेली फुलं वेचायला पोरांना पिशव्या द्या. ती फुलं रात्रभर भिजवून सकाळी उकळली की केशरी पाणी होतं, चुन्याची निवळी थेंबभर टाकली तर रंग आणखी गडद. रंगपंचमी पुढं असेल तर पोरं बाटल्या भरून नेतात. साडेदहाची पंगत म्हाताऱ्यांची आणि लांबून आलेल्यांची. वाढपी प्रत्येक पदार्थ काय आहे ते वाढताना सांगतो, त्यासाठी माईक लागत नाही. दोनला चुली शांत. चुलीवरच्या बाया सगळ्यात शेवटी जेवतात ही पद्धत आम्ही मोडली, त्या आता बाराच्या पंगतीत बसतात आणि तरणी पोरं वाढतात. अर्धा तास भाकरी बंद, त्या वेळात भात पुढं करायचा.

उरलेलं अन्न चारच्या आत वाटून संपवा, खीर सोडून काहीही रात्रीला ठेवू नका. फणसाच्या साली गोठ्यात, पत्रावळ्या उकिरड्याच्या खड्ड्यात, चुलीची राख गार झाल्यावर त्या सहा शेवग्यांच्या बुंध्याला. वहीत त्या दिवसाची तारीख, कुठलं झाड किती फुललं होतं आणि किती किलो निघालं ते लिहा. पुढच्या वर्षी तारीख काढताना पंचांगाच्या आधी हीच वही उघडावी लागते.

मग भांडी मोजायची. दिवस मावळायच्या आत, उजेडात, घासून पालथी घातल्यावर, घेणारा आणि देणारा दोघंही समोर उभे राहून. गेल्या वर्षी आम्ही अंधार पडल्यावर मोजली. खिरीच्या वाढपातले तीन पळे अजून यायचे आहेत.